कुत्रा व मानव

कुत्रा व मानव : कुत्रा (कॅनिस फॅमिलिॲरिस) हा मानवाने माणसाळविलेला सर्वांत पहिला प्राणी होय. शेळी, मेंढी, गाय, घोडा यांच्या कितीतरी आधी, शेतीचा शोध लागण्यापूर्वीच, तो माणसाच्या वस्तीत आला. इतर पाळीव प्राण्यांपासून माणसाला दूध, मांस, लोकर, कातडी मिळते किंवा ओझे वाहण्याचे काम होते. कुत्र्याच्या बाबतीत यांपैकी ओढकाम तेवढे काही थंड प्रदेशांत महत्त्वाचे ठरले; एरवी माणूस त्याच्याकडून घेतो ते त्याचे नाक, त्याचे कान आणि माणसाचा रोख ओळखण्याची त्याची शक्ती. त्यामुळे कुत्र्याच्या उपयोगांची यादी कितीही लांबली, तरी तिच्या मुळाशी हे दोन-तीन गुणच आढळतात. कुत्र्याची शरीररचना, जाती व निगा यांचे वर्णन ‘कुत्रा’ या स्वतंत्र नोंदीत असल्याने येथे केवळ त्याच्या मानवी जीवनातील स्थानाचा विचार केला आहे.

सहवासाचा आरंभ : करड्या लांडग्याच्या, आता नामशेष झालेल्या एखाद्या समूहापासून कुत्रा उत्पन्न झाला, असे आनुवंशिकीय पुराव्यावरून दिसते. हे निदान १५,००० वर्षांपूर्वी घडले असावे. ते कोठे व किती वेळा घडले, याविषयी मात्र तज्ञांत एकमत नाही. माणसाने लांडग्याची पिले आणून वाढविली, असे पूर्वी मानले जाई. वस्तीच्या कडेला टाकलेल्या अन्नावर जगू लागलेले, माणसाला कमी बुजणारे लांडगे पिढ्यानुपिढ्या आपोआपच माणसाळत गेले, हे मत त्यानंतर पुढे आले. दोन्ही प्रक्रिया एकमेकींना पूरक असणे शक्य आहे.

या सहवासाचा सर्वांत बोलका पुरावा जर्मनीतील बॉनजवळच्या ओबरकासेल येथे १९१४ साली सापडला. सु. १४,००० वर्षांपूर्वीच्या या दफनात एक पुरुष व एक स्त्री यांच्याबरोबर कुत्र्याच्या पिलाची हाडे आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पिलाच्या दातांवरील खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा गंभीर रोग झाला असावा व मृत्यूपूर्वी काही आठवडे ते आजारी असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. माणसाने भरविल्यावाचून व ऊब दिल्यावाचून इतके दिवस ते जगले नसते. आजारी पिलू शिकारीच्या वा राखणीच्या उपयोगाचे नसते. तेव्हा उपयुक्ततेच्या पलीकडचे काही नाते त्या काळीच निर्माण झाले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. इझ्राएलमधील ऐन मल्लाहा येथील सु. १२,००० वर्षांपूर्वीच्या दफनात मृताचा हात पिलावर ठेवलेला आढळला. भारतात काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन स्थळी माणसांबरोबर पुरलेली कुत्री मिळाली असून तेथील एका कोरीव शिळेवर शिकारीच्या दृश्यात कुत्राही दाखविला आहे.

भारतीय वाङ्मयात कुत्र्याविषयीची वृत्ती दुहेरी आहे. ऋग्वेदातील सरमा ही देवशुनी पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढते. गंधावरून माग काढणाऱ्या कुत्र्याचा हा आपल्याकडील फार जुना उल्लेख म्हणता येईल. महाभारतात महाप्रस्थानाच्या वेळी सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि खंडोबाचे वाघ्ये स्वतःला त्याचे कुत्रे म्हणवितात. सातारजवळील संगम माहुली येथे छत्रपती शाहूंच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. त्याने शिकारीत धन्याचे प्राण वाचविले, असे सांगतात. याउलट धर्मशास्त्रांत कुत्र्याचा स्पर्श अशुद्ध मानलेला आहे आणि बोलीत त्याचे नाव शिवी म्हणून वापरतात. पूजा आणि हेटाळणी यांचे हे मिश्रण आजच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नातही उमटलेले दिसते.

उपयुक्ततेच्या मुळाशी असलेले गुण : माणसाच्या नाकात गंधग्राही कोशिका सु. ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार दहा कोटींहून अधिक, काही जातींत तीस कोटींपर्यंत असतात. मेंदूचा गंधाशी संबंधित भागही त्या मानाने मोठा असतो. परंतु केवळ संख्येने या शक्तीचा उलगडा होत नाही. कुत्र्याच्या नाकात शिरलेल्या हवेचा एक प्रवाह फुप्फुसाकडे व दुसरा मागील बाजूच्या गंधग्राही पडद्याकडे वळतो. उच्छ्‌वासाची हवा नाकपुडीच्या कडेच्या फटींतून बाजूला व मागे सोडली जाते, त्यामुळे समोरील वास उधळला जात नाही. शिवाय कुत्रा वासाचे घटक वेगवेगळे ओळखतो. मसाल्याच्या डब्यात लपविलेला अमली पदार्थ माणसाला मसाल्यासारखाच वाटतो. कुत्र्याला मसाला व तो पदार्थ असे दोन वास येतात. माणसाला सेकंदाला सु. २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सु. ४५,००० पर्यंतचे. दृष्टीच्या बाबतीत मात्र तो माणसाहून उणा आहे. तांबडा व हिरवा हे रंग त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. अंधूक उजेडात आणि हलणारी वस्तू हेरण्यात तो सरस ठरतो.

दुसरा गुण मनाचा आहे. माणसाने बोट दाखविले, तर कुत्र्याचे लहान पिलूही दाखविलेल्या दिशेला पाहते. माणसाने हाताने वाढविलेल्या लांडग्यात ही समज सहजासहजी येत नाही. न उघडणारी पेटी समोर ठेवली असता लांडगा तिच्याशी झटत राहतो आणि कुत्रा थोड्या प्रयत्नानंतर मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहतो, असे हंगेरीतील संशोधकांना दिसून आले. हा साधा प्रयोग कुत्र्याचे सारे शिक्षण कशावर उभे आहे हे सांगून जातो. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये असे दाखविले की, कुत्रा व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरातील ऑक्सिटोसीन या हॉर्मोनाचे प्रमाण वाढते. आई व तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्यातही याच हॉर्मोनाचा भाग असतो. अमेरिकेतील चेसर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला तिच्या शिक्षकाने १,०२२ खेळण्यांची नावे शिकविली होती व ती प्रत्येक वस्तू नावाने ओळखून आणीत असे. अशी कुत्री अपवादात्मक असते. तिला शिकविण्यासाठी शिक्षकाने खर्चिलेली तीन वर्षेही तितकीच अपवादात्मक होत.

राखण व मेंढपाळी : राखण हे कुत्र्याचे सर्वांत जुने व आजही सर्वांत सार्वत्रिक काम आहे. खेड्यातील कुत्र्याला कोणी शिकविलेले नसते, तरी अपरिचित पाऊल वाजले की ते भुंकते आणि घर जागे होते. मेंढपाळीत कुत्र्यांचे दोन अगदी भिन्न वर्ग पडतात व त्यांची गल्लत करू नये. कॉलीसारखी हाकणारी कुत्री शिकाऱ्याच्या हालचालींचा पूर्वार्ध, म्हणजे दबा धरणे, रोखून पाहणे व वळसा घालणे, तेवढा करतात. चावा घेण्याचा उत्तरार्ध निवडपैदाशीने त्यांच्यातून बव्हंशी काढून टाकलेला असतो. राखणारी कुत्री याहून वेगळी. ती लहानपणापासून मेंढ्यांतच वाढविली जातात, मेंढ्यांना आपलाच कळप समजतात आणि लांडगा जवळ आला की कळप व लांडगा यांच्यामध्ये उभी राहतात. हिमालयातील मेंढपाळांच्या दांडग्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्यापासून संरक्षणासाठी खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. महाराष्ट्रात दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर कुत्री असतातच. रात्री शेतात मेंढ्या बसविल्या की ती कळपाच्या कडेने पडून राहतात. लांडग्याशी प्रत्यक्ष झुंज क्वचितच होते. कुत्र्यांच्या भुंकण्याने धनगर जागा होणे, एवढ्यानेच बहुधा काम भागते.

या जुन्या विद्येचा एक नवा उपयोग लक्षणीय आहे. नामिबियात चित्ते शेळ्या-मेंढ्या मारतात म्हणून शेतकरी त्यांना गोळ्या घालीत. १९९४ पासून तेथे ॲनातोलियन मेंढपाळ जातीची पिले शेतकऱ्यांना देण्यात येऊ लागली. कळप सुरक्षित राहिल्याने चित्त्यांना मारण्याचे कारण कमी झाले. ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूलजवळील मिडल आयलंड या बेटावर कोल्ह्यांनी पेंग्विनांची वसाहत जवळजवळ नष्ट केली होती. २००५ मध्ये तेथे दहाहून कमी पेंग्विन उरले होते. २००६ पासून मारेम्मा जातीची कुत्री राखणीला ठेवल्यावर वसाहत पुन्हा वाढली. म्हणजे मेंढ्यांच्या रक्षकाने येथे वन्य प्राण्यांचे रक्षण केले.

ओढकाम : उत्तर ध्रुवाजवळील प्रदेशांत बर्फावरील घसरगाडी (स्लेज) ओढण्यासाठी कुत्री हजारो वर्षांपासून वापरात आहेत. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली. विमान उडू शकत नव्हते व बंदर गोठले होते. तेव्हा रेल्वेच्या शेवटच्या टोकापासून सु. १,०८५ किमी. अंतर वीस गाडीवानांनी व सु. १५० कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत तोडून प्रतिविष लस पोहोचविली. शेवटच्या टप्प्यातील पुढारी कुत्रा बाल्टो याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभारण्यात आला. सर्वांत लांब व धोक्याचा टप्पा मात्र टोगो या कुत्र्याच्या पुढारीपणाखाली पार पडला होता. रोआल आमुनसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो कुत्र्यांच्या जोरावर. ५२ कुत्री घेऊन तो निघाला व ११ परत आणली. बाकीच्यांपैकी बहुतेक वाटेत ठरल्याप्रमाणे मारून माणसांना व उरलेल्या कुत्र्यांना खाऊ घालण्यात आली. या यशाचे वर्णन करताना हा हिशोब सांगितला पाहिजे. अंटार्क्टिकावरील वन्य प्राण्यांना रोगाची बाधा होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय कराराने १९९४ मध्ये तेथून सर्व कुत्री हलविण्यात आली.

शोध व पोलीसकार्य : पोलिसांसाठी कुत्र्यांचे पद्धतशीर शिक्षण बेल्जियममधील गेंट येथे १८९९ मध्ये सुरू झाले. भारतात सेनादलाचे श्वानशिक्षण मीरत येथील रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात होते. सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे असून ते १९७० मध्ये स्थापन झाले. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा या जाती मुख्यत्वे वापरल्या जातात. कर्नाटकातील मुधोळ हाउंड ही देशी जातही अलीकडे सेनादलाने शिक्षणासाठी घेतली आहे.

शिक्षणाचे तत्त्व सोपे आहे. कुत्र्याच्या दृष्टीने हे सारे काम म्हणजे खेळ असतो. विशिष्ट वास सापडला की आवडते खेळणे मिळते, एवढेच त्याला ठाऊक असते. अमली पदार्थ शोधणाऱ्या काही कुत्र्यांना वासाची जागा खरवडून दाखविण्यास शिकवितात. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला मात्र वास येताच जागच्या जागी स्तब्ध बसावयास शिकविलेले असते, याचे कारण उघड आहे. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. म्हणून उन्हात व दमल्यावर त्याच्या नाकाची धार कमी होते आणि थोड्या थोड्या वेळाने त्याला विश्रांती द्यावी लागते. कुत्रा व त्याचा हस्तक (हँडलर) यांची जोडी शक्यतो मोडीत नाहीत.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बाँबस्फोटांनंतरच्या तपासात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्राडॉर कुत्र्याची कामगिरी गाजली. पुणे येथे शिकलेल्या या कुत्र्याने आरडीएक्स हे स्फोटक, हातगोळे, स्फोटनलिका व काडतुसे यांचे मोठे साठे हुडकून दिले. त्यांतील आरडीएक्सच ३,००० किग्रॅ.हून अधिक होते. २००० साली तो हाडांच्या कर्करोगाने मरण पावला व पोलिसांनी त्याला सन्मानपूर्वक निरोप दिला. त्याने शोधलेल्या साठ्यांमुळे किती माणसे वाचली, हे मोजता येणे शक्य नाही.

गुन्हेगाराचा माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याकडे मात्र न्यायालये सावधपणे पाहतात. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात १९७० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावरील आक्षेपांची चर्चा केली. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीला उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या वतीने हस्तक बोलतो व कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ तोच लावतो. म्हणून अशा पुराव्याला फारसे वजन देता येत नाही. तपासाला दिशा देणे व आरोप सिद्ध करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हस्तकाच्या नकळत झालेल्या हालचालीवरून, तो कशाची अपेक्षा करीत आहे हे कुत्रा ओळखू शकतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. माणसाचा रोख ओळखण्याचा जो गुण इतरत्र उपकारक, तोच येथे दोष ठरू शकतो.

संकटातील शोधकार्य : स्वित्झर्लंड व इटली यांच्या सरहद्दीवरील ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातील मठवासी वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधण्यासाठी कुत्री पाळीत. त्यांतील बॅरी (१८००–१४) या कुत्र्याने चाळिसांहून अधिक माणसे वाचविली, असे सांगतात. त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्न येथील संग्रहालयात आहे. या कुत्र्यांच्या गळ्यातील मद्याचे पिंप मात्र एका इंग्रज चित्रकाराच्या कल्पनेतून आलेले आहे. भूकंपानंतर ढिगाऱ्याखालील जिवंत माणसाचा वास फटींतून वर येतो व तो ओळखून कुत्रा भुंकतो. यंत्रांनी हे काम पूर्णपणे हाती घेतलेले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात झालेल्या भूकंपानंतर भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्यूली या कुत्रीने गाझिआंतेप भागात ढिगाऱ्यापाशी भुंकून इशारा दिला व रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याने तो पक्का केला. तेथून सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर काढण्यात आली. दुसऱ्या कुत्र्याकडून खात्री करून घेणे हा अशा कामातील नियमच आहे, कारण चुकीच्या जागी खणण्यात गेलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होतो.

अंधांचे मार्गदर्शक : पहिल्या महायुद्धात विषारी वायूने व जखमांनी अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्री शिकविण्यास आरंभ झाला, अशी पहिली शाळा ओल्डेनबुर्क येथे १९१६ मध्ये निघाली. स्वित्झर्लंडमध्ये कुत्री पैदा करणाऱ्या डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनी या शाळांविषयी १९२७ मध्ये लिहिलेला लेख मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाने वडिलांकडून वाचून घेतला. पुढच्याच वर्षी तो स्वित्झर्लंडला गेला व ‘बडी’ या जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर परतला. न्यूयॉर्कमधील अत्यंत गर्दीचा एक रस्ता पत्रकारांसमक्ष तिच्या साहाय्याने ओलांडून त्याने या पद्धतीची सत्यता पटवून दिली. १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. ग्रेट ब्रिटनमध्ये पहिल्या चार जोड्या १९३१ मध्ये तयार झाल्या.

कुत्रा अंध माणसाला ‘घेऊन जातो’ ही सर्वसाधारण समजूत बरोबर नाही. कोठे जावयाचे, कोठे वळावयाचे हे माणूस ठरवितो. त्यासाठी रस्त्याचा नकाशा त्याच्याच मनात असावा लागतो. कुत्र्याच्या अंगावरील साजाला एक ताठ मूठ असते. ती हातात धरली की कुत्र्याचे थांबणे, वळणे, कचरणे हे सारे माणसाच्या हाताला कळते. कुत्रा पायरीपाशी व रस्त्याच्या कडेपाशी थांबतो आणि खड्डे, खांब व माणसे चुकवितो. त्यातले अवघड भाग दोन आहेत. एक म्हणजे लोंबती फांदी किंवा उघडी खिडकी यांसारखा डोक्याच्या उंचीवरील अडथळा. कुत्रा स्वतः त्याखालून सहज जाऊ शकतो. पण आपल्या शेजारचा माणूस आपल्याहून उंच आहे, हे लक्षात ठेवून त्याला थांबावे लागते. दुसरा भाग शहाणपणाच्या आज्ञाभंगाचा. वाहतुकीचे दिवे कुत्र्याला कळत नाहीत. रस्ता ओलांडण्याची वेळ माणूस कानाने ठरवितो व ‘पुढे’ म्हणतो. परंतु वाहन येत असेल, तर कुत्र्याने ती आज्ञा मोडली पाहिजे. आज्ञा पाळण्यास शिकविलेल्या प्राण्याला ती केव्हा पाळू नये हे शिकविणे, ही श्वानशिक्षणातील सर्वांत अवघड कामगिरी म्हणावी लागेल. अशा कुत्र्याचे पिलूपण बहुधा एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जाते. नंतर काही महिने शाळेत शिक्षण होते व अखेरीस चालण्याचा वेग आणि स्वभाव पाहून त्याची विशिष्ट व्यक्तीशी जोडी जमविण्यात येते. शिकविलेल्यांपैकी पुष्कळ कुत्री या कसोटीत उतरत नाहीत.

भारतात या कुत्र्यांचा प्रसार फार थोडा आहे. खर्च हे एक कारण झाले. पण सामानाने व वाहनांनी अडलेले पदपथ आणि मोकाट कुत्र्यांचे टोळके हीही कारणे आहेत. साज घातलेला कुत्रा भटक्या कुत्र्यांनी घेरला, तर तो काम करू शकत नाही. त्यामुळे येथील अंधांची भिस्त पांढऱ्या काठीवरच आहे. बहिऱ्या माणसाला दारावरची घंटा, मुलाचे रडणे किंवा आगीची सूचना स्पर्शाने कळविणारी कुत्री आणि चाकाच्या खुर्चीतील माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारी, दार उघडणारी कुत्री अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकापासून तयार करण्यात येऊ लागली.

रोगनिदान व वैद्यक : पायावरचा तीळ कुत्रा सारखा हुंगतो म्हणून एका स्त्रीने तो तपासून घेतला व तो कर्करोग निघाला, अशी हकीकत १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यानंतर प्रयोग सुरू झाले. २००४ च्या एका ब्रिटिश प्रयोगात मूत्राच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखण्यात कुत्र्यांना ५४ पैकी २२ वेळा, म्हणजे ४१ टक्के यश आले. निव्वळ योगायोगाने १४ टक्के आले असते. यावरून रोगाला वास असतो हे सिद्ध होते, परंतु रुग्णाचे निदान कुत्र्यावर सोपविण्याइतके हे यश पुरेसे नाही. वृत्तपत्रांतून याबाबत येणारी वर्णने बहुधा अतिरंजित असतात. मुलांच्या पायमोज्यांवरून हिवतापाचे जंतू ओळखण्याचा गँबियातील नमुन्यांवरचा प्रयोग (२०१९) व कोविड-१९ च्या साथीत हेल्सिंकी विमानतळावर आणि भारतीय सेनादलात झालेले प्रयत्न ही यापुढील पावले होत. कोणत्या रासायनिक संयुगांमुळे हा वास येतो हे कळल्यास त्यांवरून यंत्रे बनविता येतील, हा या संशोधनाचा अधिक टिकाऊ लाभ ठरण्याचा संभव आहे.

प्रयोगशाळेतील कुत्र्याने दिलेले साहाय्य त्याच्या इच्छेचे नव्हते. इव्हान पाव्हलॉव्ह यांचे पचनावरील व प्रतिक्षेपी क्रियांवरील शोध कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून निघाले. फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोराँटो येथे स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोचून मधुमेह आटोक्यात येतो हे दाखविले व १९२२ पासून इन्शुलिनाने माणसे वाचू लागली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून अवकाशात गेलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री होती. तिला परत आणण्याची योजनाच नव्हती. ती काही दिवस जगली, असे तेव्हा सांगण्यात आले. प्रत्यक्षात अतिउष्णतेने ती काही तासांतच मरण पावली, हे २००२ मध्ये उघड झाले.

सोबत : बहुसंख्य कुत्री यांपैकी कोणतेच विशेष काम करीत नाहीत, ती केवळ घरात असतात. या असण्याचे मोल विज्ञानाने मोजण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ञ बॉरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात आले की, कोणाशीही न बोलणारे मूल त्यांच्या जिंगल्स या कुत्र्याशी बोलू लागते. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी यावर लेखन केले, तेव्हा सहव्यवसायिकांनी त्यांची थट्टा केली. १९८० मध्ये हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. पाळीव प्राणी असलेल्या ५३ रुग्णांपैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. स्वीडनमधील सु. ३४ लाख लोकांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये असे आढळले की, एकट्या राहणाऱ्यांपैकी कुत्रा पाळणाऱ्यांत मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा सु. एक तृतीयांशाने कमी होता. निरोगी व चालती-फिरती माणसेच कुत्रा पाळतात, असेही यामागे असू शकेल. कारण व परिणाम यांची फोड अशा पाहणीतून होत नाही. तरी रोज दोन वेळा घराबाहेर पडावे लागणे, वाटेत कोणीतरी कुत्र्याची चौकशी करणे आणि आपली वाट पाहणारे घरी कोणी असणे, या गोष्टी एकट्या वृद्धाच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हेत.

कुत्र्यापासून धोका व माणसाची जबाबदारी : माणसाला होणाऱ्या अलर्क रोगाच्या (रेबीजच्या) जवळजवळ सर्व प्रसंगांत, म्हणजे सु. ९९ टक्के, तो कुत्र्याच्या चाव्यातून आलेला असतो. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जगात दरवर्षी सु. ५९,००० माणसे याने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतापुरते पूर्वीचे अंदाज १८,००० ते २०,००० मृत्यूंचे होते. अलीकडच्या देशव्यापी पाहणीत ही संख्या सु. ५,७०० निघाली. आकडा कोणताही घेतला, तरी पाश्चर यांनी १८८५ मध्ये लस शोधल्यानंतर इतक्या काळाने हे मृत्यू व्हावेत, यात कुत्र्याचा दोष थोडा व माणसाचा अधिक आहे. चावलेली जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे व विनाविलंब लस टोचून घेणे, एवढ्याने बहुतेक जीव वाचतात. [→ अलर्क रोग].

भटकी कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही, असा अनुभव आहे. मोकळ्या झालेल्या जागी उघड्या कचऱ्यावर पोसलेली नवी कुत्री येतात. भारतात निर्बीजीकरण व लसीकरण यांविषयीचे नियम २००१ मध्ये झाले व २०२३ मध्ये ते नव्याने करण्यात आले. नियम आहेत, पण अंमलबजावणी नगरपालिकांच्या ऐपतीवर व इच्छेवर अवलंबून राहिली आहे. या बाबतीत गोव्याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या व पुढे राज्यभर विस्तारलेल्या मोहिमेत दरवर्षी सु. ९५,००० कुत्र्यांना लस टोचण्यात येऊ लागली. रोगाची साखळी तोडण्यास सु. ७० टक्के कुत्र्यांना लस देणे आवश्यक असते, तेवढे प्रमाण साधण्यासाठी पथके जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, शाळांतून मुलांना शिकविण्यात आले व संशयित कुत्र्यांची खबर घेणारी यंत्रणा उभारण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांतील दरमहा रोगप्रसंग ९२ टक्क्यांनी घटले व माणसांचे मृत्यू थांबले. लस टोचली होती ती कुत्र्यांना.

सेवेतून निवृत्त होणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्नही याच जबाबदारीचा भाग होय. भारतीय सेनादलात निकामी झालेल्या कुत्र्यांना मरण देण्याची पद्धत होती. न्यायालयात प्रश्न उपस्थित झाल्यावर २०१५ च्या सुमारास ती सोडण्यात आली. अशा कुत्र्यांना आता दत्तक देतात किंवा त्यांच्यासाठीच्या निवासात ठेवतात. दत्तक घेणाऱ्यांत पुष्कळदा त्यांचे हस्तकच असतात.